नैसर्गिक अधिवासाची खेळांतून ओळख

वन्य प्राण्याला जेथे अन्न, पाणी, निवारा आणि पिलांसाठी सुरक्षित जागा मिळते, त्या परिसरास त्याचा अधिवास म्हणतात. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना ही कल्पना मैदानात, बागेत किंवा अंगणात खेळवून समजावण्याच्या पद्धतीचा विचार येथे वडोदरा शहराच्या संदर्भात केला आहे. या वयात ‘अधिवास’ हा शब्द शिकवण्याची गरज नसते. कोण कुठे राहतो आणि तिथेच का, एवढा प्रश्न पुरतो. त्यातही दुसरा भाग मोलाचा. तक्त्यावरून मूल वाघ ओळखायला शिकते, पण तक्त्यावरच्या वाघाला तहान लागत नाही.

मराठी घरांत अधिवासाची पहिली गोष्ट मूल घास भरवून घेतानाच ऐकते : काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे. पावसात शेण वाहून जाते व मेण टिकते, हा तिच्यातला तर्क बिनचूक आहे. चिमणी मेण वापरत नाही, एवढेच. म्हणून गोष्ट संपल्यावर मुलांना वाळके गवत, काटक्या, पिसे व कापूस गोळा करायला लावून घरटे करू देणे, ही या पद्धतीची सोपी सुरुवात ठरते. चिमणी भिंतीच्या भोकात किंवा तसबिरीमागे गवत-पिसे कोंबते, कावळा झाडाच्या बेचक्यात काटक्या आणि प्रसंगी तारांचे तुकडेही रचतो, तर सुगरण पाण्यावर झुकलेल्या फांदीला खोपा टांगते. (नाव सुगरण असले, तरी विणकाम नराचे असते.) दहा बोटांनी विणूनही खोपा जमत नाही, हे अनुभवलेल्या मुलाला चोचीच्या कसबाबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

‘डोंगराला आग लागली, पळा पळा’ हा जुना खेळ थोड्या बदलाने येथे उपयोगी पडतो. फक्कीने आखलेली वर्तुळे ही झाडे आणि धावणारी मुले वानरे मानली जातात. दर फेरीत एक झाड पुसले जाते व कोणीतरी बेघर होते. बेघर झालेल्या मुलाला नुसते बाहेर न बसवता, हे वानर आता कुठे जाईल, असे सर्वांना विचारावे. गच्चीवर, असे उत्तर मुले चटकन देतात.

वडोदऱ्यात या शिक्षणाला एक निकडीची बाजू आहे. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री नदी शहराच्या मध्यातून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. मगर काठाच्या मातीत खोल बिळे करते, उन्हाळ्यात त्यांत विसावते, उन्हात शेकण्यासाठी उतरत्या काठावर येते आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठावरच खड्डा करून अंडी घालते. पावसाळ्याच्या तोंडावर पिले बाहेर पडली की मादी त्यांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. थोडक्यात, मगरीला नदीइतकाच काठही लागतो, आणि मुलांच्या ध्यानात आणून द्यायचे ते हेच. वाळूच्या हौद्यात ओल्या वाळूचे काठ रचून त्यात बीळ, अंड्यांचा खड्डा व उन्हाची जागा मुलांनी करावी, मग एका बाजूला विटांची भिंत उभारून पाणी सोडावे. कोणती जागा नाहीशी झाली, हे मुलेच दाखवतात. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या, त्यामागचे कारणही या खेळातून बऱ्याच अंशी उलगडते. हा खेळ प्रत्यक्ष नदीकाठी मात्र कधीही खेळू नये. नदी पुलावरून, मोठ्यांचा हात धरून पाहावी.

मोकळ्या जागेत शिकवण्याची परंपरा या भागाला नवीन नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने महाराष्ट्रातील कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली.

सयाजीराव गायकवाडांनी 1879 मध्ये उभारलेली सयाजीबाग, म्हणजेच लोकांच्या तोंडची कमाटी बाग, सहलीसाठी सोयीची आहे. मात्र तेथील प्राणिसंग्रहालय पाहून पिंजरा हेच वाघाचे घर, असा समज मुले करून घेतात, म्हणून त्याआधी बागेतल्या एखाद्या वडाखाली तासभर खारी, मुंग्या व पक्षी पाहू देणे अधिक फलदायी होय. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर स्थलांतरित पक्षी येतात. त्या पाणथळ जागेला 2021 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला आहे.

मराठी-गुजराती अशा द्विभाषिक वातावरणामुळे नावांचा घोळ होतो, तोही खेळात घ्यावा. मराठी आजी ज्या प्राण्याला सुसर म्हणते, त्याला मैदानावर मगर म्हणतात. गुजराती सवंगड्यांची चकली झाडावर बसते, कारण ती चिमणी असते, आणि मराठी मुले हसून लोळतात. सुगरणीला तिकडे सुगरी म्हणतात. तिथे कोणाचे अडत नाही.