एवीतेवी मोडलंच आहे, तर…

आठवडाभर मोजूनमापून खाल्लेलं असतं. आठव्या दिवशी कुणाच्या तरी आग्रहाखातर केकचा एक तुकडा पोटात जातो. त्यात असतील तीनेकशे कॅलरी. शरीराच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच, कारण किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. मनाच्या हिशेबात मात्र डाएट मोडलेलं असतं. मग ‘एवीतेवी मोडलंच आहे, तर आज खाऊन घेऊ, उद्यापासून बघू’ म्हणत उरलेला केकही संपतो. खरा घोळ होतो तो या दुसऱ्या फेरीत.

मानसशास्त्रज्ञ हर्मन आणि मॅक यांनी १९७५ साली ही दुसरी फेरी प्रयोगशाळेत पकडली. तरुणींना चव पारखायच्या निमित्ताने बोलावलं. काहींना मिल्कशेकचा एक ग्लास दिला, काहींना दोन, काहींना काहीच नाही. नंतर पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं : हवं तेवढं खा आणि चव कशी वाटली ते सांगा. एरवी खाण्यावर बंधनं न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं, दुसरं काय होणार? पण खाण्यावर सतत लगाम घालणाऱ्यांचं नेमकं उलट झालं. मिल्कशेक पोटात गेलेल्यांनीच आइस्क्रीमवर जास्त ताव मारला! पुढे मानसशास्त्रज्ञ जेनेट पोलिव्ही यांना असं दिसलं की प्रत्यक्ष कॅलरींचीही गरज नाही. ‘आपण भारी काहीतरी खाल्लं’ एवढी समजूत पुरते. संशोधकांनी या प्रकाराला जे गमतीदार नाव दिलं, त्याचं मराठी ‘गेलं खड्ड्यात परिणाम’ असंच करावं लागेल.

दोष सहसा ताणाला दिला जातो. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि बऱ्याच जणांना गोड, तेलकट हवंसं वाटतं, हे खरं. पण ताणाने काहींची भूक पार मरतेही. डाएट मोडल्यावर वाटणाऱ्या अपराधीपणाकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाटा भर घालतो. किलोभर वाढ! एका रात्रीत एवढी चरबी साठत नाही. पिष्टमय आणि गोड पदार्थांतून शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, तयार करतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. मीठही पाणी धरून ठेवतं. म्हणजे काटा दाखवतो बरंचसं पाणी, आणि आपण वाचतो ‘नापास’.

२००७ साली ॲडम्स आणि लिअरी या संशोधकांनी तरुणींना आधी डोनट खायला लावला. मग त्यांतल्या काहींना सांगितलं, की असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःवर फार चिडू नका. त्यानंतर चव घेण्यासाठी गोळ्या-चॉकलेटं पुढे केली. अशी मोकळीक मिळाली की माणूस आणखी सुटेल, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला. खाण्यावर लगाम घालणाऱ्यांपैकी ज्यांना ते चार धीराचे शब्द ऐकवले होते, त्यांनी गोळ्या कमी खाल्ल्या.