हॉटेल करवाढीवरील मतदान, कॅलिफोर्निया

कॅलिफोर्निया राज्यातील (अमेरिका) शहरांना हॉटेल-मोटेलमधील मुक्कामावरचा कर वाढवण्यापूर्वी शहरातील मतदारांचा कौल घ्यावा लागतो, ती प्रक्रिया. ‘ट्रान्झियंट ऑक्युपन्सी टॅक्स’ या नावाचा हा कर ३० दिवस वा त्याहून कमी मुक्कामाच्या भाड्यावर बसतो. तो भरतो पाहुणा. हॉटेलचालक वसूल करून नगराच्या तिजोरीत जमा करतो. कराचा उगम सामान्यतः राज्याच्या महसूल व करआकारणी संहितेच्या कलम ७२८० मध्ये दाखवतात. मात्र सान फ्रान्सिस्कोत तो त्या कलमाच्या आधी, १९६१ च्या सुमारास आला. म्हणून त्याचे मूळ सनदी शहरांच्या (स्वतःच्या सनदेनुसार कारभार करणाऱ्या शहरांच्या) स्वायत्त अधिकारात मानणे अधिक सयुक्तिक.

मतदानाची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. राज्यभरच्या मतदानात संमत झालेल्या प्रस्ताव १३ ने (१९७८) विशेष, म्हणजे ठरावीक कामासाठी राखलेल्या, करांसाठी दोन तृतीयांश मतांची अट घातली. तशाच प्रस्ताव ६२ ने (१९८६) सामान्य, म्हणजे सामान्य निधीत जाणारे, करही मतदारांपुढे आणले. प्रस्ताव २१८ ने (१९९६) दोन्ही तत्त्वे राज्यघटनेत नेली आणि सनदी शहरांनाही लागू केली. सामान्य निधीत जाणाऱ्या करवाढीला साधे बहुमत पुरते. रक्कम ठरावीक कामासाठी राखून ठेवली, की दोन तृतीयांश मते लागतात. यातून निघालेली वाट म्हणजे मतपत्रिकेवर सामान्य कर आणि त्याच्या शेजारी, पैसा कशावर खर्चावा याचा बंधनकारक नसलेला सल्लाप्रश्न. कोलमन खटल्यात (१९९८) ही जोडी ग्राह्य ठरली.

नगरपरिषदेने प्रस्ताव मांडायचा, तर सामान्य करासाठी तिच्या दोन तृतीयांश सदस्यांचे मत लागते. पाच जणांच्या परिषदेत चौघांचे. असे मतदान परिषद-सदस्यांच्या नियमित निवडणुकीबरोबरच घ्यावे लागते. आणीबाणीचा अपवाद एकमताने ठरवावा लागतो. ठराव मतदानाच्या ८८ दिवस आधी काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडणूक कार्यालयात पोचला पाहिजे, म्हणजे नोव्हेंबरच्या मतदानासाठी ऑगस्टच्या आरंभी. मतपत्रिकेवरील प्रश्नाला ७५ शब्दांची मर्यादा असून कराचा दर, अपेक्षित वार्षिक उत्पन्न आणि मुदत हे सारे त्यातच बसवावे लागते. येथे एक चूक हमखास घडते: १० टक्क्यांचा दर १२ वर नेणे ही ‘२ टक्के वाढ’ नव्हे. ती २ टक्केबिंदूंची, म्हणजे करात २० टक्क्यांची वाढ आहे. सिटी अ‍ॅटर्नी (नगराचा विधी अधिकारी) ५०० शब्दांपर्यंत निःपक्ष विश्लेषण लिहितो. दोन्ही बाजूंना युक्तिवादासाठी ३०० व प्रत्युत्तरासाठी २५० शब्द मिळतात. नगराचा पैसा माहिती देण्यासाठी वापरता येतो, प्रचारासाठी नाही (स्टॅन्सन खटला, १९७६).

खरा वाद आहे तो नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या विशेष करांचा. अपलँड खटल्यात (२०१७) राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रस्ताव २१८ मधील निवडणुकीच्या वेळेची अट अशा पुढाकाराला लागू नसल्याचे सांगितले. त्या आधारे अपील न्यायालयांनी पुढे साधे बहुमत पुरेसे मानले. दोन तृतीयांशाची अट ‘स्थानिक शासना’ला उद्देशून आहे, हे पाहता हा अर्थ घटनेच्या शब्दांशी अधिक जुळतो.

सान दिएगोत याची कसोटी लागली. तेथे २०१४ मध्ये, फक्त हॉटेलमालकांच्या मतांवर बसवलेला कन्व्हेन्शन सेंटरचा कर अपील न्यायालयाने रद्द केला होता. मत नोंदणीकृत मतदारांचे हवे, असे त्याने ठरवले. मार्च २०२० मध्ये ‘मेझर सी’ या, नागरिकांच्या सह्यांनी आलेल्या हॉटेल करवाढीच्या प्रस्तावाला सुमारे ६५ टक्के मते पडली, दोन तृतीयांशांहून किंचित कमी. परिषदेने २०२१ मध्ये ते मंजूर झाल्याचे जाहीर केले. पण नगराचा स्वतःचा सहभाग पाहता हा पुढाकार खरोखर नागरिकांचा होता का, हा प्रश्न २०२३ मध्ये अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. अखेर १ मे २०२५ पासून १०.५ टक्क्यांऐवजी विभागानुसार ११.७५, १२.७५ व १३.७५ टक्के दर लागू झाले.

दर तसाच ठेवून कराची व्याप्ती वाढवली, तरी ती कायद्याने वाढच ठरते. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सान दिएगोच्या अध्यादेशानुसार ऑनलाइन बुकिंग कंपन्या भाड्यावर स्वतःसाठी घेतात त्या जादा रकमेवर कर बसत नसल्याचा निर्णय दिला. तो भाग करकक्षेत आणायचा, तर मतदारांकडेच जावे लागते.