श्राव्य पुस्तक आणि मुद्रित वाचन

तोच मजकूर छापील पानावर वाचणे आणि ध्वनिमुद्रणातून ऐकणे यांतील साम्य-भेद. अंधांसाठीच्या ध्वनिमुद्रणांना मराठीत ‘बोलके पुस्तक’ म्हणतात. एरवी ‘ऑडिओबुक’ हाच शब्द रुळला आहे.

ऐकणे हे वाचनाचे दुय्यम रूप, ही समजूत मूक वाचन मूळचे मानण्यावर उभी आहे. ते मूळचे की मागाहूनचे, हा मात्र वादाचा विषय आहे. मिलानचे बिशप अँब्रोज आवाज न काढता वाचत, असे संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४०० च्या सुमारास नोंदवले. या नोंदीचा आधार घेऊन अभ्यासक योझेफ बालोघ यांनी १९२७ मध्ये प्राचीन काळी मूक वाचन विरळा होते असे मांडले. बर्नार्ड नॉक्स (१९६८) व गाव्रिलोव (१९९७) यांनी ग्रीक-लॅटिन पुराव्यांच्या आधारे हे मत खोडले. त्यांची बाजू अधिक सबळ वाटते. पॉल सेंगर (१९९७) यांच्या मते सातव्या-आठव्या शतकांत आयरिश लेखनिकांनी शब्दांत जागा सोडायला सुरुवात केल्याने मूक वाचन सुलभ झाले. मोडीत आणि जुन्या बाळबोध पोथ्यांतही शब्द सलग लिहीत. तरी पोथी मोठ्याने वाचली जाई ती मुख्यतः समोरच्या श्रोत्यांसाठी, एवढेच खात्रीने म्हणता येते.

ध्वनिमुद्रित पुस्तकाची कल्पना एडिसनने १८७८ मध्येच मांडली होती. पण तबकडीची एक बाजू जेमतेम चार मिनिटे वाजे. १९३४-३५ मध्ये अमेरिका व ब्रिटनमध्ये संथ फिरणाऱ्या तबकड्यांवर अंधांसाठी पुस्तके निघाली.

आकलनाबाबत व्हर्जिनिया क्लिंटन-लिसेल यांनी २०२२ मध्ये ४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एकंदरीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र वाचकाला स्वतःच्या गतीने वाचता येई तेथे, तसेच अनुमान काढायच्या प्रश्नांत, वाचन थोडे सरस ठरले. म्हणजे डोळा की कान यापेक्षा गतीची सूत्रे कोणाच्या हाती, हे अधिक महत्त्वाचे. इंग्रजीत मूक वाचनाचा वेग मिनिटाला सुमारे २४० शब्द, तर निवेदनाचा १५० ते १६०. ९०,००० शब्दांचे पुस्तक डोळ्यांनी सव्वासहा तासांत होते, कानांनी साडेनऊ-दहा तासांत. वाचताना डोळ्यांच्या हालचालींपैकी १० ते १५ टक्के मागे वळणाऱ्या असतात आणि त्या नकळत होतात. ऐकताना त्यासाठी बटण दाबावे लागते, आणि १५ किंवा ३० सेकंद मागे गेल्यावर बहुधा वाक्याच्या मध्येच पडायला होते. लक्ष उडाले तरी ध्वनी पुढे सरकतोच. तक्ते, वंशावळी, तळटीपा, नकाशे असलेली पुस्तके त्यामुळे कानाला जड जातात. वेग वाढवला की शब्द कळतात, पण दोन वाक्यांमधली विचार करण्याची उसंत जाते.

मराठीत उच्चाराचा प्रश्न वेगळाच. ‘जरा’ म्हणजे थोडे की म्हातारपण, हे छापील अक्षर सांगत नाही. निवेदकाचा दंत्य ‘ज’ (थोडे) किंवा तालव्य ‘ज’ (म्हातारपण) लगेच सांगतो. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला भेद पानावर स्पष्ट दिसतो, बोलण्यात मात्र उपान्त्य (शेवटून दुसरा) स्वर दीर्घच उमटत असल्याने तो पुसला जातो. तत्समबहुल (संस्कृत शब्दांनी भरलेल्या) गद्याचे निवेदन करताना असे शब्द आधीच हेरून ठेवावे लागतात, कारण चुकीचा ‘च’ किंवा ‘ज’ दुरुस्त करायचा तर बहुधा पूर्ण वाक्यच पुन्हा मुद्रित करावे लागते. तेवढाच शब्द बदलला तर जोड ऐकू येतो.