प्रीप्रिंट टाकला म्हणजे पेपर हातचा गेला? नाही

प्रीप्रिंट म्हणजे जर्नलमध्ये (संशोधनपत्रिकेत) छापून येण्याआधीच इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकलेला शोधनिबंध. पीएचडी करणाऱ्यांना मात्र हमखास मिळणारा सल्ला: छापून येईपर्यंत काम कुणाला दाखवू नका, कल्पना चोरीला जाईल आणि जर्नलही पेपर घेणार नाही. या भीतीला आधार होता. १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी आधी इतरत्र आलेलं काम न घेण्याचा नियम केला, आणि तो इतरांनीही उचलला. पण आज ‘नेचर’, ‘सायन्स’सह बहुतेक मोठ्या जर्नलांना प्रीप्रिंट चालतो. भौतिकशास्त्रज्ञ तर १९९१ पासून ‘अर्काइव्ह’ (arXiv) या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर लेख टाकत आहेत.

चोरीचं म्हणाल तर गोष्ट उलटी आहे. प्रीप्रिंटवर तारीख पडते, जुन्या आवृत्त्याही राहतात. कल्पना आधी कुणाची, याचा तो जाहीर पुरावा. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी ‘प्वांकारे अनुमान’ या गणितातल्या प्रसिद्ध कोड्याची सिद्धता २००२-०३ मध्ये फक्त अर्काइव्हवर टाकली, जर्नलला पाठवलीच नाही. श्रेय त्यांचंच राहिलं.

जर्नलच्या समीक्षेत, म्हणजे इतर तज्ज्ञांच्या तपासणीत, महिनोन्‌महिने अडकलेलं काम प्रीप्रिंटमुळे नोकरीच्या अर्जात दाखवता येतं, हा नवख्या संशोधकाचा मोठाच फायदा. प्रीप्रिंटसोबत आपलं काम काय आहे, यावर सोप्या मराठीत चार ओळी जरूर लिहा. सावधगिरी एकाच बाबतीत: पेटंट घ्यायचं असेल तर आधी अर्ज, मग प्रीप्रिंट.