नव्या घराचे बाह्य रंगकाम

नव्या बांधकामाच्या बाहेरच्या भिंती तयार करून त्यांवर रंगाचे थर चढवण्याचे काम. घर उठून दिसावे हा हेतू असतोच. पण पावसाळी मुलखात पाणी भिंतीत मुरू न देणे हा त्याहून मोठा हेतू होय. त्यामुळे रंगाच्या छटेपेक्षा पाण्याचा हिशेब अधिक सांभाळावा लागतो.

बाहेरचे सिमेंट प्लास्टर सहसा दोन थरांत, मिळून १८ ते २० मिमी जाडीचे करतात आणि किमान सात दिवस त्यावर पाणी मारतात. ते थांबले की लगेच रंगारी बोलावण्याची घाई होते, कारण वास्तुशांतीचा मुहूर्त काढलेला असतो. पण ताज्या सिमेंटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) १२ ते १३ असतो आणि आत ओल असते. अशा भिंतीवर रंग दिला तर छटा विटते, पोपडे सुटतात. म्हणून साधारण २८ दिवस भिंत तशीच सोडतात. ओल पाहायची तर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून थेंब दिसले तर रंगाचा डबा उघडू नये. भिंतीवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी, फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशाने झाडतात. धुतला की क्षार विरघळून आत जातात आणि भिंत वाळली की पुन्हा वर येतात.

आरसीसी कॉलम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर भेग पडतेच, म्हणून प्लास्टर करतानाच तिथे जाळी मारलेली बरी. बारीक भेगा पट्टीने खरवडून भरतात. लांबी (पुट्टी) भरायचीच असेल तर ती पांढऱ्या सिमेंटची हवी. आतल्या भिंतींची साधी अ‍ॅक्रिलिक लांबी पावसात फुगते. मग पॉलिश पेपरने घासणे, धूळ झाडणे, प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात आणि रंगाचे दोन हात. प्रायमर वाचवून रंगाचा तिसरा हात मारणे ही खोटी काटकसर आहे.

पूर्वी चुन्याची सफेती असे. चुनकळी विरवून, गाळून, नीळ घालून ती देत; हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून तिचा थर कडक होई. पुढे सिमेंट पेंट आला. ‘स्नोसेम’ हे एका उत्पादनाचे नाव त्या सगळ्या जातीलाच चिकटले. त्याची रीत आजच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनच्या नेमकी उलट: आधी भिंत भिजवायची आणि रंग दिल्यावरही तिच्यावर पाणी शिंपडायचे. जुना रंगारी सवयीने इमल्शनच्या आधीही भिंत ओली करू लागला तर त्याला थांबवावे लागते.

कोकणात जांभ्या चिऱ्याच्या भिंती पुष्कळदा प्लास्टर न करता नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरून ठेवतात. चिरा सच्छिद्र असल्याने पावसाचा मारा येणाऱ्या बाजूला झापांची (विणलेल्या माडाच्या झावळ्यांची) झडी, म्हणजे आडोसा, बांधण्याची जुनी पद्धत आहे.

काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत उरकतात. रंग वरून खाली देत येतात आणि तापलेली भिंत टाळून सावलीची बाजू आधी धरतात. बांबूचा पहाड (परांची) भिंतीत रोवला असेल तर तो सोडताना उरलेली भोके शेवटी बुजवली जातात. त्यांवरचे ताजे प्लास्टर वाळायला कोणी थांबत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर एका रांगेत गोल डाग उमटतात.