डिस्टिलरीतून सुटणारा कच्चा माल

‘कारखान्याच्या धुरापासून पेट्रोल, तेही फुकटात!’ असा एक फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या सोलापुरी ग्रुपवर आला. ‘फुकटात’ सोडलं तर बाकीचं अगदीच थाप नाही. कार्बन डायऑक्साइडपासून खरोखर वस्तू बनतात, आणि त्या बनवायला लागून दीडशेहून जास्त वर्षं झाली.

या वायूची आपल्याकडे बदनामीच फार. मंगळवेढ्याच्या बाजूला ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल कोठारात, साठवायचे. पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरलं आणि गुदमरून गेलं, की ‘पेवानं बळी घेतला’ म्हणून नारळ फोडायचे. आत भूतबीत काही नसे. दाण्यांच्या श्वसनातून सुटलेला, हवेपेक्षा दीडपट जड असलेला हा वायू तळाशी साचलेला असे. जाणते लोक पेव उघडून तसंच ठेवत आणि आधी पेटता कंदील आत सोडून बघत.

कार्बन डायऑक्साइड जळत नाही, आग विझवतो, म्हणून तो थंड गोळा वाटतो. पण रेणू जरा जवळून पाहा. मधे कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, तिघं एका सरळ रेषेत. दोन्ही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात. ओढ दोन्हीकडून सारखी, त्यामुळे रेणू बाहेरून शांत दिसतो. मधला कार्बन मात्र इलेक्ट्रॉनांना भुकेला राहतो. इलेक्ट्रॉनांनी भरलेला जोडीदार समोर आला की तो या कार्बनला बिलगतो, एक बंध ऑक्सिजनवर सरकतो आणि सरळ रेणू वाकतो. झाला कार्बोक्झिलेट, म्हणजे सेंद्रिय आम्लाचा क्षार!

असा जोडीदार जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान कोल्बे यांना १८६० च्या सुमारास फिनॉलमध्ये, म्हणजे कार्बोलिक आम्लात, सापडला. नुसतं फिनॉल फारसं दाद देत नाही. त्यात कॉस्टिक सोडा घालून सोडियम फिनॉक्साइड करायचं, म्हणजे त्याच्या ऑक्सिजनवर ऋणभार येतो आणि तो भार शेजारच्या सहा कार्बनांच्या रिंगमध्येही पसरतो. मग हा क्षार कोरडा ठणठणीत करायचा. इथेच खरी गंमत आहे. पाणी राहिलं तर कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं. ते फिनॉलपेक्षा तीव्र, त्यामुळे फिनॉक्साइडचं पुन्हा फिनॉल होतं आणि हातात उरतो खायचा सोडा. कोरड्या क्षारावर मात्र सुमारे १२५ अंश सेल्सिअसला, शंभरेक वातावरणांच्या दाबाखाली वायू सोडला, की सोडियम वायूच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो आणि कार्बन रिंगवर, फिनॉलच्या ऑक्सिजनच्या अगदी शेजारच्या, ऑर्थो जागेवर बसतो. दाबाची ही युक्ती रुडॉल्फ श्मिट यांची, १८८५ ची. सोडियमऐवजी पोटॅशियम घेऊन तापमान वाढवलं तर तोच कार्बन समोरच्या पॅरा जागेवर जातो आणि क्रीम-शाम्पू टिकवणाऱ्या पॅराबेनचा कच्चा माल मिळतो. धातू बदलला की पत्ता बदलला! मला ही अभिक्रिया आवडते ती एवढ्यासाठीच.

ऑर्थोवाल्या क्षारात आम्ल घातलं की सॅलिसिलिक आम्ल. कुरुपाच्या पट्टीत आणि गजकर्णाच्या मलमात असतं तेच. त्याला ॲसेटिक ॲनहायड्राइड जोडलं की ॲस्पिरिन. गोळीच्या रेणूत नऊ कार्बन असतात, त्यातला एक वायूतून आलेला.

आता सोलापूरकडे येऊ. आहेरवाडीच्या १३२० मेगावॉटच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळशाच्या धुरात हा वायू जेमतेम १२-१५ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. वेगळा काढायलाच वीज आणि वाफ खर्ची पडते. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबते तिथली गोष्ट वेगळी. १८० किलो ग्लुकोज पूर्ण आंबलं तर ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे इथेनॉल जेवढं, जवळजवळ तेवढाच हा वायू, आणि तोही धुऊन घेतला की जवळपास शुद्ध. सोडा वॉटर आणि ड्राय आइसपुरता कुठे कुठे पकडतात. इथेनॉलच्या एकेका लिटरचा हिशोब ठेवणारे आपण याला मात्र हवेत सोडून देतो, हे मला पटत नाही.

पेट्रोलचं काय? कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून झालेला कार्बन. त्याचं इंधन करायचं तर बाहेरून ऊर्जा ओतावी लागते. मिथेनॉल या इंधनाच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात, आणि तो हायड्रोजन कोळशापासून केला तर केलेलं सगळं पाण्यात. सौर विजेने पाणी फोडून केला तर गोष्ट निराळी. ऊन आपल्याकडे आहेच.

सध्या या वायूचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे युरिया: एका टनाला पाऊण टनाच्या आसपास. पण तोच युरिया उसाच्या सरीत पडला की मातीतलं युरिएज विकर काही दिवसांत त्याचा कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा करतं. तोच वायू इपॉक्साइडशी (दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची ताणलेली रिंग असलेल्या संयुगाशी) जोडून केलेल्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकात वर्षानुवर्षं अडकून राहतो.