एक गिगाबिटची लीज्ड लाइन म्हणजे एनकेएन नव्हे

‘आमच्या महाविद्यालयात एनकेएनचे वेगवान इंटरनेट आहे’ हे वाक्य माहितीपुस्तिकांत इतक्या वेळा छापले जाते की ते खोडून काढण्याचा आता कंटाळा येतो. मार्च 2010 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 5,990 कोटी रुपयांची तरतूद करून नॅशनल नॉलेज नेटवर्कला (एनकेएन), म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या सरकारी जाळ्याला, मंजुरी दिली, ती विद्यार्थ्यांना व्हिडिओ अडखळत न दिसावेत यासाठी नव्हे.

लीज्ड लाइन वाचकाला ठाऊक आहे: कंपनीला भाडे द्यायचे आणि मिळालेली क्षमता शेकडो जणांनी वाटून घ्यायची. एनकेएनवरूनही संस्थांना इंटरनेट मिळते आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. एनकेएन आणि अर्नेट यांची गल्लत त्यामानाने किरकोळ आहे. 1986 मध्ये सुरू झालेले ते जुने शैक्षणिक जाळे असून ‘एसी डॉट इन’ने संपणारी नावेही अर्नेटच देते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

खरी गफलत ‘वेग’ या शब्दात आहे. लाइनची क्षमता आणि तिच्यावरून जाणाऱ्या एका प्रवाहाला (दोन संगणकांमधील एका जोडणीला) प्रत्यक्षात मिळणारा वेग या दोन गोष्टी निराळ्या आहेत. नेहमीचे इंटरनेट असंख्य छोट्या प्रवाहांसाठी आखलेले असते, त्यामुळे गर्दीत एखादे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, हरवले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला मात्र जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतील सीएमएस प्रयोगाची माहिती प्रचंड आकाराच्या फायलींत आणावी लागते, आणि तेथे एकेका पॅकेटची किंमत मोजावी लागते. इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याचे नियम ठरवणाऱ्या टीसीपीच्या मूळ पद्धतीत पॅकेट हरवले की पाठवणारा वेग निम्मा करतो आणि मग प्रत्येक फेरीला (पॅकेट जाऊन त्याची पोच परत येईपर्यंतच्या वेळाला) एकेका पॅकेटने तो वाढवत नेतो. मुंबई-जिनिव्हा जाण्यायेण्याला 150 मिलिसेकंद लागतात असे धरले, तर 1 गिगाबिटची लाइन भरलेली राहण्यासाठी 1,500 बाइटांची सुमारे 12,500 पॅकेटे सतत वाटेत असावी लागतात. त्यांतले एक हरवले की 6,250 पॅकेटांची घट होते, आणि ती भरून निघायला 15 मिनिटांहून अधिक वेळ लागतो. हेच एका आवारात, 1 मिलिसेकंदाच्या फेरीत घडले असते तर पापणी लवण्याआधी सारे सुरळीत झाले असते. टीसीपीच्या क्यूबिकसारख्या नव्या पद्धती ही तफावत कमी करतात, पण पुसून टाकत नाहीत. म्हणूनच संशोधनाच्या जाळ्यात मुद्दाम मोकळी जागा राखायची असते. लाइन ऐंशी टक्के भरली म्हणजे पैसे वसूल झाले, हा व्यापारी हिशेब येथे उलटा पडतो.

असे जाळे फाटकापर्यंत आणून मग सगळी वाहतूक वसतिगृहाच्याच फायरवॉलमधून न्यायची, हा प्रकार मला अक्षम्य वाटतो. प्रत्येक पॅकेट उघडून तपासणारे ते यंत्र छोट्या प्रवाहांसाठी ठीक असते, पण मोठ्या प्रवाहाखाली ते पॅकेटे गाळू लागते. अमेरिकेतील ईएसनेट या संशोधन-जाळ्याने सुचवलेली ‘सायन्स डीएमझेड’ची रचना याच दुखण्यावर आहे. तिच्यात माहिती पाठवणारा संगणक आवाराच्या कडेला, नेहमीच्या फायरवॉलबाहेर ठेवतात आणि तेथे मोजक्या, ठरलेल्या पत्त्यांनाच प्रवेश देतात. सुरक्षेचे कारण पुढे करून ती नाकारणाऱ्यांनी बहुधा ही शेवटची अट वाचलेली नसते.

आणि कृपया स्पीडटेस्टचे चित्र पुरावा म्हणून दाखवू नये. ती चाचणी बहुधा जवळचा सर्व्हर निवडते आणि एकाच वेळी अनेक प्रवाह उघडते, म्हणजे जो प्रश्न विचारायचा तोच टाळते. दूरच्या सहयोगी संस्थेपर्यंत आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने एकच प्रवाह सोडून तो तासभर चालू द्यावा आणि वेगाचा आलेख करवतीच्या दातांसारखा निघतो का, म्हणजे पॅकेटे हरवून वेग पुन्हापुन्हा कोसळतो का, ते पाहावे.